धातू तापवण्यासाठी आणि कापण्यासाठी गॅस टॉर्चची कोणती जुळणी घ्यावी?

ऐरण (धागाकर्ता)

एका छोट्या दुरुस्ती-कार्यशाळेसाठी गॅस टॉर्चची संपूर्ण जुळणी नव्याने घ्यायची आहे आणि त्यासाठी अनुभवी सभासदांचे मत हवे आहे. कामाचे स्वरूप आधीच स्पष्ट करतो, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. गंजून बसलेले नट-बोल्ट आणि पिना सोडवणे, १२ मिमी जाडीपर्यंतच्या पट्ट्या व २० मिमी व्यासापर्यंतच्या सळया लाल करून वाकवणे, ६ ते २५ मिमी जाडीच्या साध्या पोलादी प्लेटा कापणे आणि अधूनमधून पितळी सळईने ब्रेझिंग करणे (मूळ धातू न वितळवता, वितळलेल्या पितळेने सांधा जोडणे), एवढी कामे आहेत. पोलाद वितळवून जोडण्याचे काम आर्क वेल्डिंगने होते, त्यामुळे ते या टॉर्चकडून अपेक्षित नाही.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत: हवेवर जळणारा हातातला टॉर्च, ऑक्सिजन-एलपीजी आणि ऑक्सिजन-ॲसिटिलीन. पहिला सर्वांत सुटसुटीत दिसतो, तिसऱ्याची शिफारस जुने कारागीर करतात, आणि दुसऱ्याबद्दल परस्परविरोधी मते ऐकू येतात. शक्य असेल तर कारणांसह लिहावे.

नीलज्योत

पहिला पर्याय कापण्यापुरता यादीतून काढून टाका. गॅस कटिंग म्हणजे धातू वितळवणे नव्हे, तर धातू जाळणे होय, ही गोष्ट लक्षात घेतली की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. पोलाद सुमारे ९०० अंश सेल्सिअसला, म्हणजे लखलखीत लाल झाल्यावर, शुद्ध ऑक्सिजनच्या झोतात स्वतः पेट घेते. लोखंडाच्या ऑक्सिडीकरणातून निर्माण होणारी उष्णताच काप पुढे नेते, आणि टॉर्चची ज्योत फक्त सुरुवात करून देण्यासाठी व पृष्ठभाग तापलेला ठेवण्यासाठी असते. लोखंड १५३८ अंशांना वितळते, तर त्याचे ऑक्साइड त्याहून कमी तापमानाला, साधारण १३७० अंशांच्या आसपास पातळ होते, म्हणून ऑक्सिजनचा झोत ते सहज उडवून लावतो आणि खाली ताजा धातू उघडा पडतो.

हेच गणित इतर धातूंमध्ये उलटे पडते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याचे ऑक्साइड २००० अंशांच्या वर. स्टेनलेस पोलादातील क्रोमियमचे ऑक्साइड असेच हट्टी असते, आणि बिडात ग्रॅफाइट आडवे येते. हे धातू कापायचे असतील तर कोणताही इंधनवायू घेतला तरी हा टॉर्च उपयोगाचा नाही. तिथे प्लाझ्मा किंवा ग्राइंडर लागेल.

हवेवर चालणाऱ्या टॉर्चमध्ये हा ऑक्सिजनचा झोतच नसतो. शिवाय हवेत चार पंचमांश नायट्रोजन असतो आणि तो जळत नसताना तापवावा लागतो, म्हणून ज्योतीचे तापमानही मर्यादित राहते. तांब्याच्या नळीचे सोल्डरिंग किंवा लहान नट तापवणे यासाठी तो चांगला आहे. १२ मिमीची पट्टी मात्र त्याने लाल होण्याआधी तिच्यातून उष्णता दोन्ही बाजूंना वाहून जाईल आणि तुम्ही नुसते उभे राहाल.

जाडपत्रा

मी ॲसिटिलीनच्या बाजूने लिहितो. ऑक्सिजनबरोबर जळताना त्याची ज्योत सुमारे ३१०० ते ३२०० अंशांपर्यंत जाते. एलपीजीतील एक मुख्य घटक असलेल्या प्रोपेनची साधारण २८०० अंशांपर्यंत. पण खरा फरक तापमानापेक्षा उष्णता कुठे मिळते यात आहे. ॲसिटिलीनच्या ज्योतीतील आतला शंकू एक घनमीटर वायूमागे सुमारे १८ ते १९ मेगाज्यूल उष्णता देतो, तर प्रोपेनचा शंकू सुमारे १० मेगाज्यूल. त्यामुळे ॲसिटिलीनने एका बिंदूवर झपाट्याने मारा करता येतो. नट लाल होतो आणि त्याच्या आतला बोल्ट अजून काळा असतो. अडकलेले नट सोडवताना हवे असते ते नेमके हेच. कापताना सुरुवातीचा बिंदूही लवकर तापतो, आणि गंज किंवा रंग असलेल्या प्लेटवर हा फरक चांगलाच जाणवतो.

दुसरे असे की ज्योत वाचता येते. आतला शंकू, त्याभोवतीचे पांढरट पीस, ऑक्सिजन वाढवताच ते पीस शंकूत विरून जाणे, हे सगळे डोळ्यांना स्पष्ट दिसते. प्रोपेनची ज्योत नवशिक्याला इतके काही सांगत नाही.

तप्तलोह

जाडपत्रा यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण ते अर्धे आहेत. प्रोपेनच्या बाह्य ज्योतीतून एक घनमीटरमागे सुमारे ८५ मेगाज्यूल मिळतात, ॲसिटिलीनच्या बाह्य ज्योतीतून सुमारे ३६. धागाकर्त्याच्या यादीत पट्ट्या आणि सळया वाकवणे आहे, म्हणजे एका बिंदूवर नव्हे तर हातभर लांबीवर उष्णता मुरवायची आहे, आणि त्या कामात ही पसरट उष्णता उपयोगी पडते.

याहून महत्त्वाचा मुद्दा ॲसिटिलीनच्या सिलिंडरचा आहे. हा वायू दाबाखाली अस्थिर असतो आणि गेजवर १ बारच्या थोडे वर गेल्यावर, हवा किंवा ऑक्सिजन नसतानाही, स्फोटकपणे विघटित होऊ शकतो. म्हणून सिलिंडरमध्ये सच्छिद्र भराव असतो, त्यात ॲसिटोन मुरवलेले असते आणि वायू त्या ॲसिटोनमध्ये विरघळवलेला असतो. (या भरावाच्या विकासात ज्यांचा मोठा वाटा आहे ते स्वीडिश अभियंते गुस्ताफ डालेन यांना १९१२ साली दीपगृहांच्या स्वयंचलित गॅस-नियामकांसाठी भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले; त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या चाचणीतील स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती.) विरघळलेला वायू हळूहळूच बाहेर येतो. तासाला सिलिंडरच्या एकूण साठ्याच्या एक सप्तमांशाहून अधिक वायू ओढू नये हा जुना नियम, आणि आता बहुतेक ठिकाणी एक दशमांश किंवा सतत वापरात त्याहूनही कमी धरतात. समजा सिलिंडरमध्ये ६ घनमीटर वायू आहे, तर तासाला जेमतेम ०.६ घनमीटर. अनेक छिद्रांचे मोठे हीटिंग नोझल याच्या कितीतरी पट मागते. मर्यादा ओलांडली की ॲसिटोनच नळीत येऊ लागते, ज्योत जांभळट होते, रेग्युलेटर आणि नळीची रबरे खराब होतात. म्हणजे ज्या वायूची ज्योत सर्वांत गरम, त्याच्याच लहान सिलिंडरवर मोठे तापवकाम करता येत नाही.

एलपीजीला ही अडचण नाही, पण तिथेही सिलिंडरमधल्या द्रवाचे वायूत रूपांतर व्हायला उष्णता लागते. लहान सिलिंडरवर मोठे नोझल लावले तर बाहेरून दहिवर धरते आणि दाब उतरतो. ब्युटेनचे प्रमाण जास्त असेल तर थंडीत हे लवकर होते, कारण ब्युटेनचा उत्कलनबिंदू शून्याच्या जरासा खाली आणि प्रोपेनचा उणे ४२ अंश आहे. अशा वेळी सिलिंडर मोठा घ्यायचा असतो. त्याला ज्योत दाखवून तापवणारे लोक पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो: तसे कधीही करू नये.

नीलज्योत

तप्तलोह, आपण प्रोपेनची एक बाजू लिहायची ठेवलीत. ऑक्सिजनचा हिशोब मांडल्याशिवाय हा निर्णय पुरा होत नाही, आणि माझ्या मते इंधनवायूची निवड त्यानंतर येते.

ॲसिटिलीनला समतोल ज्योतीसाठी एक भागामागे सिलिंडरमधून साधारण १.१ ते १.२ भाग ऑक्सिजन लागतो. उरलेला तो आजूबाजूच्या हवेतून घेतो. प्रोपेनला सुमारे ४ भाग लागतात. आता एक किलो प्रोपेन म्हणजे वायुरूपात अर्ध्या घनमीटरहून थोडा अधिक. त्यासाठी दोन घनमीटरांच्या वर ऑक्सिजन हवा. ४७ लिटर पाणीक्षमतेच्या सिलिंडरमध्ये १५० बार दाबाला साधारण ७ घनमीटर ऑक्सिजन मावतो, म्हणजे तो अख्खा सिलिंडर जेमतेम सव्वातीन किलो प्रोपेन जाळून संपेल. १० लिटरच्या हातातल्या सिलिंडरमध्ये दीड घनमीटर असतो. त्यावर एलपीजीचे हीटिंग नोझल लावणे म्हणजे सळई लाल होईस्तोवर ऑक्सिजन संपल्याचे पाहणे. कापताना ज्योतीच्या ऑक्सिजनखेरीज झोताचा ऑक्सिजन वेगळा लागतो, तो दोन्ही वायूंना जवळपास सारखाच.

म्हणून धागाकर्त्यांनी आधी स्वतःला विचारावे: मोठा ऑक्सिजन सिलिंडर कार्यशाळेत बसवता येईल का, आणि तो रिकामा झाल्यावर किती सहज बदलून मिळेल? उत्तर होकारार्थी असेल तर एलपीजी. टॉर्च खांद्यावर घेऊन फिरायचे असेल आणि दोन्ही सिलिंडर लहानच हवे असतील तर ॲसिटिलीन, मात्र लहान नोझलसह.

वाकडीसळई

इथे एक शंका. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे यंत्र मिळते. ते वापरून सिलिंडरची कटकटच टाळता येणार नाही का?

नीलज्योत

तापवण्यासाठी काही प्रमाणात चालते. काचकाम आणि दागिन्यांचे काम करणारे लोक ते वापरतात. कापण्यासाठी चालत नाही. त्या यंत्रातून साधारण ९३ ते ९५ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन, तोही अगदी कमी दाबाने, मिळतो, कटिंगला ९९.५ टक्के लागतो. शुद्धता एका टक्क्याने घसरली तर कापण्याचा वेग साधारण २५ टक्क्यांनी कमी होतो, कारण जळत्या लोखंडापाशी न जळणाऱ्या वायूचा थर साचतो आणि तो ऑक्सिजनला आत येऊ देत नाही. पाच-सहा टक्क्यांच्या घसरणीनंतर काप असा राहतच नाही.

ऐरण (धागाकर्ता)

अतिशय उपयुक्त माहिती, सर्वांचे आभार. कार्यशाळेत मोठा ऑक्सिजन सिलिंडर भिंतीला साखळीने बांधून ठेवता येईल आणि तो बदलून मिळण्यात अडचण नाही. काम बहुतेक एकाच जागी असते. त्यामुळे पारडे एलपीजीकडे झुकते आहे. आता प्रश्न सामानाचा: एका ओळखीच्यांकडे ॲसिटिलीनचा चांगल्या स्थितीतील संच पडून आहे. टॉर्च, नळ्या, रेग्युलेटर सगळे आहे. त्यातले काय चालेल आणि काय नवीन घ्यावे लागेल?

तप्तलोह

एकेक घेऊ.

नोझल नवीनच घ्यावे लागेल. ॲसिटिलीनचे कटिंग नोझल सहसा एकसंध असते, मध्ये ऑक्सिजनच्या झोताचे छिद्र आणि भोवती ज्योतीची बारीक छिद्रे. प्रोपेनचे दोन भागांचे असते: आत खाचा पाडलेला पितळी गाभा, बाहेर तांब्याचे टोपण, आणि गाभा टोपणाच्या कडेपेक्षा किंचित आत, म्हणजे सावकाश जळणारी प्रोपेनची ज्योत त्या आडोशाला टिकते. ॲसिटिलीनच्या नोझलवर प्रोपेन लावला तर ज्योत टोकावरून उडून विझत राहते. उलट केले तर नोझल तापून ज्योत आत शिरण्याचा धोका. नोझलचा आकार जाडीनुसार ठरतो. एक बत्तिसांश इंची नोझल ३ ते ६ मिमीच्या पत्र्याला, तीन चौसष्टांश इंची त्याच्या पुढे १२ मिमीपर्यंत, आणि एक षोडशांश इंची त्याहून जाड कामाला. तुमच्या २५ मिमीच्या प्लेटांना हे शेवटचे लागेल. दाब मात्र अंदाजाने न लावता त्या नोझलच्या तक्त्यावरून लावावा. जास्त दाबाने काप लवकर होत नाही. झोत फाटतो आणि खाच रुंद व खडबडीत होते.

टॉर्चच्या बाबतीत तो वायू मिसळतो कसा हे पाहावे. कटिंग टॉर्च इंजेक्टर पद्धतीचा असेल, म्हणजे ऑक्सिजनचा वेग इंधनवायूला खेचून घेत असेल, तर कमी दाबाच्या वायूलाही तो चालतो. वायू नोझलमध्येच मिसळणारे टॉर्च अनेकदा नुसते नोझल बदलून दोन्ही वायूंना चालतात. पण हे निर्मात्याच्या पत्रकात स्पष्ट लिहिलेले असेल तरच ग्राह्य धरावे. वेल्डिंगच्या दांड्यातला ॲसिटिलीनचा मिक्सर प्रोपेनला जमेलच असे नाही.

नळीबाबत मात्र तडजोड नको. फक्त ॲसिटिलीनसाठी बनवलेल्या नळीचे आतले रबर एलपीजीने फुगते आणि सुटते. एलपीजीसाठी प्रमाणित किंवा सर्व इंधनवायूंसाठी चालणारी नळीच घ्यावी. नळीच्या रंगावर विसंबू नये. रंगांचे संकेत देशोदेशी वेगळे आहेत, नळीवर छापलेले वाचावे. आटे मात्र फसवत नाहीत: इंधनवायूचे आटे डावे असतात आणि नटाच्या कडांवर खाच असते, ऑक्सिजनचे उजवे. जे आटे सहज बसत नाहीत ते बळाने बसवू नयेत.

रेग्युलेटर एलपीजीचा वेगळा लागेल. शेगडीचा रेग्युलेटर चालत नाही, कारण तो सुमारे ०.०३ बार एवढाच ठरावीक दाब देतो, इथे ०.२ ते ०.५ बारच्या आसपास, बदलता येणारा दाब हवा. संचातला ऑक्सिजनचा रेग्युलेटर तपासून घेऊन वापरता येईल. त्यावर तेल किंवा ग्रीसचा अंशही असता कामा नये. दाबाखालील ऑक्सिजनमध्ये तेल स्वतःहून पेटते.

थोडक्यात, त्या संचातून टॉर्चची मूठ आणि ऑक्सिजनची बाजू वाचेल, एवढेच.

जाडपत्रा

तप्तलोह यांनी फ्लॅशबॅक अरेस्टरचा, म्हणजे टॉर्चमधून उलट आत शिरलेली ज्योत विझवणाऱ्या भागाचा, उल्लेख केला नाही, तो मी करतो. केवळ एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) पुरेसा नाही. एनआरव्ही वायूचा उलटा प्रवाह थांबवतो, आत शिरलेली ज्योत थांबवत नाही. ती अरेस्टरमधील सच्छिद्र धातूच्या घटकात विझते. दोन्ही रेग्युलेटरांवर अरेस्टर बसवावेत आणि टॉर्चच्या टोकाला एनआरव्ही तरी असावेत. तुमच्या हीटिंग नोझलसाठी आणखी एक पथ्य: अरेस्टरमधून किती वायू जाऊ शकतो याची मर्यादा असते. लहान अरेस्टरमागे मोठे नोझल लावले की त्याला वायू पुरत नाही, ते तापते आणि फटफटू लागते. मग लोक चिडून अरेस्टरच काढून टाकतात.

फट् असा एकदाच आवाज होऊन ज्योत विझली तर टोक कामाला टेकले असेल, नोझल तापले असेल किंवा दाब कमी असेल. पण टॉर्चच्या आतून शिट्टीसारखा तीक्ष्ण आवाज येऊ लागला तर ज्योत आत जळते आहे. तत्काळ ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद करावा, मग इंधनाचा, आणि कारण सापडेपर्यंत पुन्हा पेटवू नये.

वाकडीसळई

रोजचे काम संपवतानाही ऑक्सिजनच आधी बंद करायचा का? मला इंधन आधी बंद करायला शिकवले आहे.

जाडपत्रा

यावर दोन मते आहेत आणि दोन्हींमागे कारण आहे. इंधन आधी बंद केले की ज्योत लगेच विझते आणि काजळी उडत नाही. ऑक्सिजन आधी बंद केला की इंधनाचा व्हॉल्व्ह गळत असल्यास टोकाला लहान ज्योत शिल्लक राहते आणि गळती कळते. आपल्या टॉर्चच्या निर्मात्याने जो क्रम दिला आहे तो पाळावा. आणीबाणीचा क्रम मात्र वर लिहिला तोच.

तप्तलोह

एलपीजी निवडत असल्यामुळे हेही लिहिणे भाग आहे: प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असतो. गळालेला वायू वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, तो दुरुस्तीच्या खड्ड्यात, गटारात, बाकाखाली साचतो. जमिनीलगत वायुवीजन नसेल तर सिलिंडर बाहेर ठेवावा. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत.

पत्राकाम

चर्चा वाचून वेगळाच विचार मनात आला. ६ ते १० मिमीच्या सरळ कापांसाठी ग्राइंडरची पातळ चकती कमी खर्चाची आणि अधिक नेटकी पडते. नट सोडवण्यासाठी विजेवर चालणारे इंडक्शन हीटरही मिळतात. त्यांना ज्योत नसल्यामुळे जवळचे रबर किंवा वायर जळत नाही. टॉर्च घ्याच, पण सगळी कामे त्याच्या गळ्यात घालू नका.

ऐरण (धागाकर्ता)

पत्राकाम यांचा मुद्दा मान्य आहे. सरळ काप ग्राइंडरनेच होतात. टॉर्च लागतो तो जाड प्लेट, गोलाकार काप आणि तापवण्यासाठी.

निर्णय असा: मोठा ऑक्सिजन सिलिंडर, एलपीजीचा मोठा सिलिंडर, त्याचा बदलत्या दाबाचा रेग्युलेटर, नवी नळी, दोन्ही बाजूंना योग्य क्षमतेचे अरेस्टर, प्रोपेनचे कटिंग नोझल दोन मापांत आणि एक मध्यम हीटिंग नोझल. ओळखीच्यांच्या संचातील टॉर्च प्रोपेनला चालतो असे पत्रकात आढळले तरच घेईन. संरक्षक चष्म्याच्या काचेची छटा कटिंगसाठी ४ किंवा ५ क्रमांकाची घेण्याचा विचार आहे. ब्रेझिंगबद्दल मात्र कोणी लिहिले नाही.

नीलज्योत

छटा योग्य आहे; २५ मिमीपर्यंतच्या कापांना ३ किंवा ४ सुद्धा पुरते. पितळी ब्रेझिंगला ९०० अंशांच्या आसपास तापमान लागते आणि ते प्रोपेनने आरामात मिळते, फक्त सांध्याभोवतीचा भागही जास्त तापतो एवढे धरून चालावे. जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तूंवरून तो आधी घासून काढावा. जस्त ९०७ अंशांना उकळते, आणि त्याच्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. जुन्या बोल्टवर पिवळसर झाक असलेला कॅडमियमचा मुलामा असल्याची शंका आली तर टॉर्च लावूच नये. तो धूर प्राणघातक ठरू शकतो.

नट सोडवताना ज्योत नटावर फिरवावी, बोल्टवर नव्हे. पोलाद प्रत्येक अंशामागे मीटरला सुमारे १२ मायक्रोमीटर प्रसरण पावते. २० मिमीचे छिद्र ५०० अंशांनी तापले तर ते साधारण ०.१२ मिमीने मोठे होते, आणि गंजाची पकड सुटायला बहुधा एवढे पुरते. उच्च ताकदीचे बोल्ट असे तापल्यावर पुन्हा वापरू नयेत, त्यांचे पाणी उतरलेले असते.

तप्तलोह

प्रोपेनने काप सुरू व्हायला वेळ लागतो ही तक्रार तुम्ही पहिल्याच आठवड्यात कराल, म्हणून उपाय आताच सांगतो. सुरुवात शक्यतो प्लेटच्या कडेपासून करावी. मधूनच करायची असेल तर त्या जागी छिनीने एक ओरखडा मारून धातूची बारीक धार उभी करावी. ती धार क्षणात लाल होते, आणि तिच्यावर झोताच्या ऑक्सिजनचा लिव्हर सावकाश दाबला की काप तिथूनच पेट घेतो. नोझल ॲसिटिलीनच्या सवयीपेक्षा थोडे वर धरावे. ठिणग्या खालच्या बाजूने सरळ किंवा किंचित मागे पडत असतील तर वेग बरोबर आहे; त्या वरच उडू लागल्या तर झोत आरपार गेलेला नाही, थांबून पुन्हा तापवावे. आणि प्लेट काँक्रीटच्या जमिनीवर ठेवून कापू नये. काँक्रीटमधल्या ओलाव्याची वाफ होते आणि त्याचे तुकडे जोरात उडतात. खाली वाळूचा ट्रे ठेवून प्लेट लोखंडी घोड्यावर घ्यावी.